करडाने खाल्लेले धडे

आमच्या वाडीत तेव्हा सात घरं होती आणि शाळा एकच. ती माझी. पडवीत भरायची, म्हशीच्या गोठ्याला लागून, आणि पटावर मुलं दोन: माझा भाऊ गणू आणि धाकटी बहीण पारू. मास्तरीण मी, वय बारा. परवा माझी नात सांगत होती, की तिच्या ओळखीतली एक बाई मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवते आणि सगळीकडे तिचं भारी कौतुक चाललं आहे. मी म्हटलं, खुशाल करा कौतुक, पण तिला एवढं विचारा, की सतरा साते चालू असताना म्हशीनं शेणाचा पो टाकला तर तो उचलतं कोण. नातीला प्रश्न कळला नाही. तिचा दोष नाही, तिनं म्हैस लांबूनच पाहिली आहे.

कापडे गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर आमची वाडी. कापड्याला शाळा होती, पण उतरायला एक तास, चढायला दोन, आणि पावसाचे चार महिने मधला ओढा माणसाला पलीकडे जाऊ द्यायचा नाही. वाडीतली बहुतेक पुरुष माणसं मुंबईला. माझे बाबाही तिथल्या एका गिरणीत. गणपतीला आणि शिमग्याला यायचे, चार दिवस घरात विडीचा वास असायचा, मग तोही जायचा. मी मात्र तीन वर्षं महाडला मावशीकडे राहून शाळा केली होती. मावशीला मूलबाळ नव्हतं, तिचे यजमान बंदरावर मालाचं माप करायचे. महाडच्या मुलींच्या शाळेत माझ्या बाकावर माझ्यासारख्या चार जणी बसायच्या आणि आमची तोंडं दिवसभर बंद नसायची. मग इकडे आईला शेत, गुरं, आणि अंगावरची पारू हे एकटीनं होईना. एक दिवस आई महाडला आली, मावशीकडे चहासुद्धा न पिता माझं गाठोडं बांधलं आणि मला घेऊन घाट चढू लागली. तेव्हा मी नऊ वर्षांची, आणि तिसरी इयत्ता पुरी झाली होती, एवढंच समाधान. वाटेत मी रडत होते आणि आई पुढे चालत होती. तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही. रडणारं माणूस पाठीमागून येतंच, हे तिला ठाऊक असावं.

तर दिवस असा. "ऊठ गो अनशे, म्हस वरडते," या आईच्या हाकेनं सुरुवात. शेण, झाडलोट, पाणी. आई तोवर जात्यावर नाचणी घेऊन बसलेली. न्याहारीला पेज: रात्रीच्या हंड्यातली, भाताची शितं खाली आणि वर मिठाचं कोमट पाणी, तोंडी लावायला चुलीत भाजलेली सुकट. पेज पिऊन आई शेताकडे गेली की घर माझं. भुऱ्या कुत्रा उंबऱ्यावर. मांजर होती, तिचं नाव म्हातारी. लहान पिल्लू होती तेव्हापासून ती म्हातारीच, कारण तिचं तोंडच तसं होतं. सहा कोंबड्या आणि एक कोंबडा, त्याला अक्कल नावाची गोष्ट नव्हती. आणि चांदी, आमचं करडू. तिच्या आईला वाघरानं नेलं तेव्हा ती दोन दिवसांची होती. म्हशीचं दूध चिंधीत भिजवून मी तिला पाजलं आणि वाढवलं, म्हणून मी पाण्याला गेले तर ती पाण्याला, मी परसात गेले तर ती परसात. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. माझ्या पोटी पुढे चार मुलं झाली, पण माझ्या मागे इतकं कुणी फिरलं नाही.

पाटी एकच होती. म्हणून गणू पाटीवर आणि पारू राखेवर. फळीवर चुलीतली राख पसरायची आणि बोटानं अक्षर काढायचं, चुकलं की तळहात फिरवायचा. बेरजा-वजाबाक्या फणसाच्या आठळ्यांवर. गणिताचं उत्तर बरोबर आलं तर त्या आठळ्या विस्तवात घालायच्या आणि खायच्या, चुकलं तर पुन्हा मांडायच्या. गणू गणितात तयार झाला तो या लोभानं. पाढे मी भात कांडताना म्हणून घ्यायची. मुसळ खाली आलं की एक आकडा, वर गेलं की श्वास. मधेच कोंबडा वाळवणात शिरायचा, मधेच म्हैस दावं तोडायची, आणि मी मुसळ टाकून धावायची. परत येऊन पाहावं तर विद्यार्थी आंब्यावर चढलेले आणि शाळेत फक्त म्हातारी, पाटीवर बसून अंग चाटते आहे. नाचता येईना अंगण वाकडं असं मी म्हणणार नाही, मला शिकवता येत होतं. पण अंगणही वाकडंच होतं.

एवढं सगळं भोवती असून मी एकटी होते, आणि ते एकटेपण मला नीट सांगता येत नसे. माझ्या वयाची वाडीत एक मुलगी होती, तिचं लग्न होऊन ती गेली. दिवसभर मी बोलतच असायची, पण ते बोलणं म्हणजे हाड्, हुश्श, चल गं, लिही रे. आई संध्याकाळी यायची ती दमून. भाकरी आणि कुळथाची पिठी, कधी अळू. जेवताना बोलायची रीत आमच्याकडे नव्हती. जेवणाआधी दिवा लागला की मी गणूला पुन्हा घेऊन बसे. आई आतल्या अंगाला काहीतरी करत असे, कधी लसूण सोलणं, कधी कांबळं शिवणं, आणि आमच्याकडे तिचं लक्ष आहे असं मला कधीच वाटलं नाही. पाढा चुकला तरी ती मान वर करत नसे. तिला एक अक्षर येत नव्हतं. बाबांचं पत्र आलं की मी वाचून दाखवायची, ती ऐकायची, "बरा हाय म्हनतो ना?" एवढं विचारायची आणि उठायची. माझ्या मनात यायचं, या बाईला माणूस लागतच नाही.

माझा सगळा जीव एका गोष्टीत होता. मावशीनं सांगून ठेवलं होतं, की गणूची तिसरीची तयारी झाली तर महाडच्या शाळेचे हेडमास्तर परीक्षा घेऊन त्याला चौथीत बसवतील आणि तो तिच्याकडे राहील. वर असंही म्हणाली होती, "पण मला आता वाकवत नाही, हाताखाली कुणी तरी हवं." हे "कुणी तरी" मी पदराला गाठ मारून ठेवलं होतं. गणू महाडला गेला की त्याचं करायला मी जाणार, आणि मी गेले की शाळा पुन्हा सुरू होणार. कुणी मला असं वचन दिलं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं. तेव्हा मी भावाला शिकवत होते ती काही फार मोठ्या मायेपोटी नव्हे. तो माझा रस्ता होता.

पुस्तक एक होतं. तिसरीचं, बाबांनी मुंबईहून आणलेलं. आई ते फडक्यात बांधून देवाच्या कोनाड्यात ठेवायची आणि मी रोज ते घेताना मला पाया पडायला लावायची. पण पावसाळ्यात आमच्याकडे देवसुद्धा ओले होतात, तिथं पुस्तकाची काय कथा! नवरात्र तोंडावर आलं तेव्हा निम्मी पानं सुटी झाली होती. महाडच्या शाळेत बाई फाटलेलं पुस्तक खळीनं चिकटवायच्या. ती खळ गव्हाच्या पिठाची. आमच्या घरी गहू कुठला? मी विचार केला, खळ म्हणजे चिकट पाणी, आणि चिकट पाणी आमच्याकडे हंडाभर असतं. उरलेली पेज घेतली, बोटानं शितं चुरली आणि एकेक पान कडेनं माखून जागच्या जागी बसवलं. छान बसली. पुस्तक अंगणात उन्हात उघडं ठेवलं, वर दगड ठेवला आणि स्वतःवर खूश होऊन घागर घेऊन झऱ्यावर गेले. चांदीला बांधून ठेवायचं मला सुचलं नाही, आणि रोजच्यासारखी ती माझ्यामागे का आली नाही हेही ध्यानात आलं नाही. पेजेत मीठ असतं. जन्मापासून सकाळ-संध्याकाळ जी गोष्ट पोटात जाते, तिच्यात मीठ आहे हे आठवायला ती दुसऱ्या कुणाच्या तरी जिभेला लागावी लागते.

मी घागर घेऊन वर आले तर पारू अंगणात टाळ्या वाजवत होती. "बाय, बघ, चांदी पुस्तक वाचते!" दगड एकीकडे पडलेला. चांदी पुठ्ठ्यावर एक पाय ठेवून शांतपणे शेवटचं पान ओढत होती. मी घागर टाकली. तिच्या तोंडात हात घालून जे निघालं ते काढलं, तो ओला लगदा होता आणि त्यावर एक वेलांटी शाबूत होती. पंचविसाव्या धड्यापुढचं सगळं गेलं. चौदा धडे. मी चांदीला मारायला काठी उचलली आणि ती माझ्या हाताला उरलेली पेज चाटायला लागली. मग मी तिथंच ओल्या अंगणात बसून रडले.

आईला सांगायचं नाही हे मी तिथंच ठरवलं. पुस्तक देवाजवळचं, विद्या जनावरानं खाल्ली म्हटल्यावर आईनं चांदीला दुसऱ्याच दिवशी बाजारात धाडलं असतं. आणि त्याहून मोठं म्हणजे, "पुस्तक नाय तर शाळा कसली," म्हणून गणूला गुरांमागे लावलं असतं. पारूचं तोंड गुळानं बंद केलं. उरलेल्या पुस्तकात जाडी भरून यावी म्हणून बाबांची जुनी पत्रं घातली आणि फडकं घट्ट बांधलं. गणू म्हैस चरवून आला तेव्हा त्याला खरं ते निम्मं सांगितलं. पानं चांदीनं खाल्ली, पण काळजी नको, पुढचे धडे मला पाठ आहेत. त्यानं विश्वास ठेवला. नऊ वर्षांचं पोर, त्याच्या लेखी सगळं ज्ञान माझ्याच पोटात होतं.

पाठ होते चार. बाकीचे दहा मी केले. सुरुवातीला फार घाबरत. एक धडा मुंगीवर केला, एक पाण्याच्या उपयोगावर, एक आळशी कोंबड्यावर, त्यात आमचाच कोंबडा होता. पुस्तकासारखी भाषा मला जमत होती. "मुलांनो" म्हणायचं, "असे" आणि "होते" घालायचं आणि शेवटी तात्पर्य सांगायचं. पाणी आणताना, शेण थापताना मी मनात वाक्यं जुळवायची आणि संध्याकाळी सांगायची, गणू ती घोकायचा. त्यात मला गोडी लागली. खरं सांगायचं तर त्या हिवाळ्याइतकी मी पुढे क्वचितच सुखी होते, कारण मला कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटत होतं. बत्तिसावा धडा केला तो असा. तो मला आजही शब्द न शब्द येतो.

"एका डोंगरावर एक मुलगी राहत असे. तिच्यापाशी एक कुत्रा, एक मांजर, एक म्हैस व एक करडू होते. ती सर्वांस वेळच्या वेळी खावयास घाली. मुलांनो, ती शहाणी मुलगी होती. परंतु तिच्याशी बोलावयास कोणी नव्हते. कुत्रा सर्व ऐके, परंतु उत्तर देत नसे. सायंकाळी ती कड्यावर उभी राहून मोठ्याने हाक मारी. तेव्हा समोरचा डोंगर तीच हाक तिला परत देई. असे पुष्कळ दिवस चालले. पुढे तिने हाक मारणे सोडून दिले. तात्पर्य, माणसाने एकटे राहू नये."

गणूला हा धडा का कोण जाणे फार आवडला. कदाचित लहान होता म्हणून. उठता-बसता म्हणायचा. एकदा आई चुलीपाशी होती, आतूनच म्हणाली, "कुनी लिवला गो ह्यो धडा?" "पुण्याच्या कुणा मास्तरांनी," मी म्हटलं. तिनं विस्तव सारखा केला. मग म्हणाली, "पुन्याच्या मान्साला काय ठावा डोंगरावरचा?" आणि फुंकणी घेऊन चूल फुंकायला लागली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं, पण तिनं पुन्हा विचारलं नाही आणि मी विसरून गेले.

शिमगा झाला, बाबा आले तसे गेले, आणि आई आम्हां तिघांना घेऊन महाडला निघाली. म्हैस आणि बाकीचं बिऱ्हाड शेजारच्या काकीच्या हवाली केलं. मी माझी दोन्ही लुगडी गाठोड्यात घातली होती. आईनं ते पाहिलं. कापड्यापर्यंत पारू चालली, पुढे आईच्या कडेवर. मी गणूला वाटभर प्रश्न विचारत होते. त्याला पहिल्या पंचवीस धड्यांतलं विचारलं तर तो तरेल. पुढचं विचारलं तर? देवाला मी एवढंच म्हणत होते, की पंचविसाच्या पुढे जाऊ देऊ नकोस.

शाळेच्या व्हरांड्यात आई भिंतीला टेकून उभी राहिली, मी दाराच्या चौकटीशी. आत चौथीची मुलं बसलेली, त्यांच्यासमोर गणू. हेडमास्तर उंच, कोरडे, नाकावर चष्मा. त्यांनी तिसरीचं पुस्तक वाचायला दिलं, गणूनं खडखडीत वाचलं. पाढे विचारले, त्यानं मांडीवर थाप मारत मारत म्हटले, मुलं हसली, पण पाढा चुकला नाही. तोंडचं गणित त्यानं मास्तरांचं बोलणं संपायच्या आत केलं. मला वाटलं, झालं, सुटलो. इतक्यात मास्तरांनी अगदी मायेनं विचारलं, "शाबास. या पुस्तकातला तुला सर्वांत आवडता धडा कोणता?"

"बत्तिसावा," गणू म्हणाला आणि हात बांधून सुरू झाला. एका डोंगरावर एक मुलगी राहत असे. त्याचा आवाज मोठा, डोंगरातला, सगळ्या शाळेत घुमला. माझं मनातलं, जे मी जिवंत माणसाला कधी सांगितलं नव्हतं, ते तो पाढ्यासारखं एका सुरात चाळीस मुलांपुढे म्हणत होता. मला पळून जावंसं वाटलं. तात्पर्यापर्यंत मास्तरांनी त्याला मधे तोडलं नाही. मग त्यांनी टेबलावरचं पुस्तक उघडलं, पानं उलटली, पुन्हा उलटली.

"हा धडा कुठे आहे?"

"पुस्तकात हाय."

"या पुस्तकात नाही. तुझ्या पुस्तकात आहे? दाखव."

"आमच्यात पन नाय," गणू म्हणाला. "आमच्या करडानं खाल्ला."

वर्ग असा हसला की बाजूच्या वर्गातले मास्तर दाराशी आले. हेडमास्तरांचा चेहरा लाल झाला. त्यांना वाटलं, पोरगं थट्टा करतं आहे. "खोटं बोलतोस?" म्हणून त्यांनी छडी उचलली. गणू खोटं बोलला नव्हता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, रडला नाही, नुसतं पाहिलं. मी काय करते ते बघायला.

मी आत गेले. कशी गेले ते आठवत नाही. म्हटलं, "तो खोटं बोलत नाही. मीच त्याला शिकवलं. पानं खरंच करडानं खाल्ली. मी पेजेनं चिकटवली होती म्हणून."

"मग हा धडा?"

"चार मला पाठ होते. बाकीचे मी केले."

"केले म्हणजे?"

"मनानं केले."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. वर्गात आता कुणी हसत नव्हतं. त्यांनी मला चौथीचं पुस्तक दिलं, मी वाचलं. एक शुद्धलेखन सांगितलं, मी फळ्यावर लिहिलं. एक गणित घातलं, ते मात्र चुकलं. मग ते व्हरांड्यात गेले आणि आईला म्हणाले, "बाई, मुलाला चौथीत घेतो. आणि या मुलीलाही पाठवा. मुलींच्या शाळेत मी शब्द टाकतो. हिला घरी ठेवू नका."

आईनं पदर नीट केला. "बगते," म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पण तिला कळलं होतं. बत्तिसावा धडा कुणी लिहिला ते सगळ्या शाळेनं ऐकलं होतं, आणि व्हरांड्यात उभं राहून तिनंही.

ती रात्र मावशीकडे काढली. मावशीनं तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळंबीचं कालवण केलं, मला दोनदा वाढलं. तिच्या हालचालीवरून मला वाटलं, ठरलं, मी इथं राहणार. सकाळी अंगणात गणू मावशीजवळ उभा राहिला, नवी टोपी घालून, एकदम परका दिसत होता. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मग खाली वाकून माझं गाठोडं उचललं, आपल्या गाठोड्यावर ठेवलं, आणि म्हणाली, "चल गो अनशे." मावशी काहीतरी बोलायला गेली. आई तोवर रस्त्याला लागली होती.

मी पारूला कडेवर घेऊन मागून चालत होते. पहिल्या वेळेसारखी रडले नाही. कापड्याच्या वर चढ सुरू झाला, अर्ध्यावर बसायला एक कातळ आहे, तिथं आई टेकली. पारू झोपली होती. खाली भातशेतं राबासाठी पालापाचोळा जाळून नुकतीच काळी पडलेली. मी उभीच राहिले.

"बस," आई म्हणाली.

"नाय बसायचं."

"तुला वाटतंय मी तुला अडवली. अडवलीच हाय." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "तुजा बापूस वर्सातून दोन डाव येतो. गनू आज गेला. तू गेलीस तर मी कोनासंगं ऱ्हाऊ गो?"

मी म्हटलं, "आपण बोलतो का कधी? घरात असले काय, नसले काय, सारखंच ना तुला?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "सांजचं तू पोरांना शिकवतेस. मी आयकते. तेवढाच हाय माजा."

मला वाटतं, आईनं तिच्या सगळ्या आयुष्यात माझ्याजवळ एवढं एकच मागितलं. आज कळतं. तेव्हा मला नुसता राग आला. माझा रस्ता बंद झाला होता आणि तो बंद करणाऱ्या बाईनं मला कारण म्हणून आपलं दुःख दिलं होतं, ज्यावर काही बोलता येत नाही. राग धरायलाही जागा ठेवली नाही, याचा जास्त राग. त्यातला थोडा अजून आहे. मुलींच्या शाळेत मी पुढे गेले नाही. दोन वर्षांनी लग्न झालं. जे शिकले ते इकडून तिकडून, मुलांच्या पुस्तकांतून. पण हे लिहायला बसलेच आहे तर त्या दिवशी संध्याकाळी मी काय केलं तेही लिहायला हवं, जरी लाज वाटत असली तरी.

घरी आलो, गुरांचं केलं, दिवा लावला. गणू नव्हता, तेव्हा पारूला घेऊन पडवीत बसले. आई आत सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी पारूला अक्षरं सांगायला सुरुवात केली, पण रोजच्या आवाजात नाही. अगदी तिच्या कानाशी तोंड नेऊन, हळू. आत पाखडणं थांबलं. घरात काही वाजेना. मग लुगडं सळसळलं, आई उठली, आणि सूप घेऊन आतल्या दाराच्या उंबऱ्याशी येऊन बसली. मान वर केली नाही, पुन्हा पाखडूही लागली नाही. हात सुपात तसेच ठेवून बसून राहिली. मी आवाज आणखी खाली आणला.